संग्राहकाची वही मागे पडली, आता काय करू?

पत्र : ताई, मी मूळचा साताऱ्याकडचा, आता ओहायोत स्थायिक. भारतीय सैन्याने वापरलेल्या जुन्या रायफली जमवायचा नाद आहे. त्यासाठी इथल्या केंद्र सरकारचं संग्राहकाचं लायसन्स घेतलं, एकदा नूतनीकरणही झालं. आल्यागेल्या बंदुकांच्या नोंदींची वही सुरुवातीला नीट ठेवली. मग नोकरी बदलली, आईच्या आजारपणासाठी भारतात फेऱ्या झाल्या, आणि गेल्या सव्वा वर्षात एकही नोंद केलेली नाही. या काळात चार बंदुका आल्या, एक गेली. आलेल्यांपैकी एक १८८० च्या दशकातली मार्टिनी-हेन्री ही ब्रिटिश रायफल आहे, ती वहीत लिहायची का? ईशापूरच्या एका रायफलीचा बोल्टवरचा (काडतूस आत ढकलणाऱ्या सरकत्या भागावरचा) नंबर वेगळा आणि अंगावरचा वेगळा. जी गेली ती ओळखीतल्या एकाला विकली, त्याची जन्मतारीख घेतली नाही. एक मित्र म्हणतो, नवी वही आण, एका बैठकीत सगळं स्वच्छ उतरवून काढ, तारखा बरोबर टाक आणि जुनी फेकून दे. बायकोला यातलं काही माहीत नाही. माझ्यामागे तिने काय करायचं? आणि गावी आजोबांची ठासणीची बंदूक आहे, ती इकडे आणता येईल का?

उत्तर : नमस्कार. सगळ्यात आधी, नवी वही आणू नका आणि जुनी फेकू तर मुळीच नका. बाकीचं पुढे सविस्तर सांगते, पण हे वाक्य वाचल्याशिवाय वहीला हात लावू नका.

मित्राचा हेतू चांगला असेल, सल्ला मात्र तुम्हाला खोल खड्ड्यात नेणारा आहे. १९६८ च्या बंदूक नियंत्रण कायद्यानुसार लायसन्सधारक संग्राहकाने नोंदी ठेवायच्याच असतात. जाणूनबुजून नोंद न करणं हा गुन्हा आहे आणि जाणूनबुजून खोटी नोंद करणं हाही गुन्हा आहे. १९८६ च्या दुरुस्तीनंतर संग्राहकाच्या बाबतीत त्याची शिक्षा एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही अशी आहे. तुमची नोंद राहिली ती हलगर्जीपणामुळे. हे काहीच नाही असं मी म्हणणार नाही. पण आज एका शाईने, एका हाताने बसून, जणू त्या त्या दिवशीच लिहिलं होतं असं भासवलंत, तर राहून गेलेल्या नोंदीवर तुम्ही स्वतःहून खोट्या नोंदीची भर घालाल. पहिली चूक समजावून सांगता येते, दुसरीचं काय सांगणार?

मी बरीच वर्षं संग्रहालयात दाखल-नोंदवह्या सांभाळल्या आहेत. कोरीकरकरीत, एका वळणाची, खाडाखोड नसलेली वही समोर आली की तपासणाऱ्याचा संशय वाढतो. आपल्याकडच्या सातबाऱ्यावर जुन्या खातेदाराचं नाव पुसत नाहीत, त्याला कंस करतात आणि शेजारी फेरफाराचा नंबर येतो. म्हणूनच त्या कागदावर विश्वास बसतो. तुमच्या वहीलाही तोच न्याय लावा. चुकलेल्या मजकुरावरून एकच रेघ ओढायची, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी बरोबर मजकूर, आद्याक्षरं आणि आजची तारीख. पांढरा द्रव, खोडरबर, फाडलेलं पान यांतलं काहीही नको.

मागे पडलेल्या नोंदी अशा लिहा. वहीत शेवटची नोंद जिथे आहे, तिच्या खालच्याच ओळीपासून सुरुवात करा. मिळाल्याच्या तारखेच्या रकान्यात बंदूक खरोखर तुमच्या हातात आली ती तारीख. ऑर्डर दिल्याची नाही, पैसे भरल्याचीही नाही. शेरा म्हणून स्पष्ट लिहा की ही नोंद उशिरा, अमुक तारखेला, अमुक कागदावरून केली, आणि खाली आद्याक्षरं. कुरिअरची पोच, विक्रेत्याची पावती, ईमेल, बँकेचा उतारा असं काही ना काही सापडेलच. संग्राहकाला दुसऱ्या राज्यातून बंदूक थेट घरपोच मिळते ती लायसन्सची प्रत पाठवल्यावरच, म्हणजे विक्रेत्याकडेही त्या व्यवहाराचा कागद आहे. त्याच्या कागदावर एक तारीख आणि तुमच्या वहीत दुसरी असं होऊ देऊ नका. हे कागद वहीबरोबर एका पाकिटात ठेवा.

यापुढची मुदत लक्षात असू द्या. आलेली वस्तू लगेच पुढच्या कामकाजाच्या दिवसाअखेर वहीत चढली पाहिजे, गेलेल्या वस्तूसाठी सात दिवस आहेत. आलेल्या वस्तूसमोर तारीख, कोणाकडून आली त्याचं नाव आणि पत्ता किंवा लायसन्स नंबर, बनवणाऱ्याचं नाव, आयात करणाऱ्याचं नाव असल्यास ते, मॉडेल, नंबर, प्रकार आणि कॅलिबर, म्हणजे नळीच्या छिद्राचं माप. वही शिवलेलीच हवी असं नाही, सुटी पानंही चालतात, पण ती ओळीने लावलेली असावीत, पानांवर सलग आकडे असावेत आणि रकाने नियमातलेच हवेत. संगणकावर ठेवायची असेल तर दुरुस्ती केल्यावरही मूळ नोंद दिसत राहिली पाहिजे. साध्या एक्सेलमध्ये जुना आकडा पुसून नवा टाकला तर जुन्याचा मागमूसही राहत नाही, म्हणून तुम्हाला तरी मी कागदी वहीच सुचवेन.

आता मार्टिनी-हेन्री. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात १८९८ किंवा त्याआधी बनलेली बंदूक 'अँटीक' ठरते आणि त्या कायद्यापुरती ती बंदूकच धरली जात नाही. ती घ्यायला लायसन्स लागत नाही आणि या वहीत तिची नोंद सक्तीची नाही. तुमचं लायसन्स आहे ते 'क्युरिओ आणि रेलिक' प्रकारच्या शस्त्रांसाठी, म्हणजे मुख्यतः पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात असलेल्या बंदुकांसाठी. लोक या दोन गोष्टींची सर्रास गल्लत करतात. जुनी दिसली की अँटीक म्हणून मोकळे होतात आणि नोंद करत नाहीत. जुनी दिसण्यावर काहीच ठरत नाही. ठरतं ते रिसीव्हर, म्हणजे बंदुकीचा मुख्य सांगाडा, कधी बनला त्यावर. फिनलंडने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जुळवलेल्या काही मोसिन रायफलींचा रिसीव्हर रशियात १८९८ च्या आधी बनलेला असतो. नळी चाळीसच्या दशकातली, दस्ता चाळीसच्या दशकातला, तरी ती रायफल अँटीक. उलट १८९९ साल कोरलेली स्वीडिश माउझर शेजारच्या १८९८ च्या जुळ्या बहिणीसारखी दिसली तरी वहीत येते.

ब्रिटिश कारखान्यात बनलेल्या मार्टिनीच्या उजव्या अंगावर मुकुट, त्याखाली व्हिक्टोरिया राणीची अक्षरं, कारखान्याचं नाव आणि साल कोरलेलं असतं. ते साल वाचा, फोटो काढून ठेवा. नेपाळच्या जुन्या शस्त्रागारातून २००३ च्या सुमारास मोठा साठा अमेरिकेत आला, त्यात मार्टिनी-हेन्री होत्या आणि नेपाळमध्येच बनलेल्या गहेंद्र रायफलीही होत्या. तुमची त्यातली असेल तर अंगावर देवनागरीत कोरलेली अक्षरं-आकडे सापडतील. तुम्हाला ते वाचता येतात, इथल्या बहुतेक संग्राहकांना येत नाहीत. ती अक्षरं उतरवून ठेवा. सक्ती नसली तरी अँटीक वस्तूंसाठी एक वेगळी वही घाला असं मी आग्रहाने सांगेन. विमा, चोरी, वाटणी, कुठेही ती उपयोगी पडेल. सक्तीच्या वहीत मात्र तिची सरमिसळ नको. आणि राज्याचा किंवा शहराचा नियम वेगळा असू शकतो, तो स्थानिक पातळीवर विचारून घ्या.

ईशापूरच्या रायफलीवर मी थोडी जास्त रेंगाळणार आहे, कारण या वस्तूंबद्दल मला मनापासून आस्था आहे. पश्चिम बंगालमधल्या त्या कारखान्याच्या .३०३ रायफली आपल्या सैन्याने आणि पोलिसांनी कित्येक दशकं खांद्यावर वागवल्या. दस्त्याच्या मुळाशी, उजव्या बाजूच्या धातूच्या पट्टीवर, स्वातंत्र्यापूर्वीच्या रायफलीला मुकुट आणि राजाची अक्षरं मिळतात. नंतरच्या रायफलीला अशोकस्तंभाचे सिंह आणि 'आरएफआय', म्हणजे रायफल फॅक्टरी ईशापूरची आद्याक्षरं. वहीत 'बनवणारा' या रकान्यात काय जाईल ते तिथे पाहून लिहा, जाहिरातीत पाहून नाही. जाहिरातवाले सगळ्याच रायफलींना 'ब्रिटिश एनफील्ड' म्हणतात.

नंबराचं उत्तर सोपं आहे. वहीत जातो तो रिसीव्हरवरचा नंबर. बोल्ट, नळी, निशाण्याची पट्टी यांवरचे नंबर मूळ जुळणीत सारखे असायचे, पण डेपोत दुरुस्ती झाली की बोल्ट बदलायचा. त्यामुळे नंबर वेगळे असणं हा दोष नाही, त्या रायफलीच्या नोकरीचा पुरावा आहे. बोल्टचा नंबर हवा तर शेऱ्यात लिहा. नंबराच्या आधी अक्षर असेल तर ते नंबराचाच भाग आहे, गाळू नका. अक्षर गाळलं की तोच आकडा असलेल्या दुसऱ्या एखाद्या रायफलीशी तुमच्या रायफलीची गल्लत होऊ शकते, आणि एखाद्या गुन्ह्याच्या तपासात ही गल्लत महागात पडते.

आयात करणाऱ्याचा शिक्का बहुधा नळीच्या टोकाजवळ, बारीक अक्षरात असतो. भिंग घ्या. १९६८ च्या आधी देशात आलेल्या रायफलीवर तो नसूही शकतो. तसं असेल तर रकाना कोरा न सोडता 'शिक्का दिसत नाही' असं लिहा. कोरा रकाना पाहणाऱ्याला कळत नाही की शिक्का नव्हता की तुम्ही पाहिलंच नाही. कॅलिबरच्या बाबतीतही तेच. पोलिसांसाठी यातल्या बऱ्याच .३०३ रायफलींचं .४१० च्या गुळगुळीत नळीच्या मस्केटमध्ये रूपांतर झालं. तुमच्याकडची तशी आहे का हे नळीत पाहून ठरवा, शंका असेल तर बंदूक दुरुस्त करणाऱ्या जाणकाराकडून मोजून घ्या. ७.६२ ची ईशापूर, म्हणजे २ए किंवा २ए१, असेल तर साल नीट पाहा. १९६८ ची रायफल २०१८ मध्ये पन्नाशीला आली आणि तेव्हा या लायसन्सखाली घेता येऊ लागली. पन्नास वर्षं पुरी न झालेली रायफल या लायसन्सवर सहसा घरपोच मागवता येत नाही. तसंच नळी आखूड करून, दस्ता कापून शिकारीसाठी बदललेली रायफल मूळ स्वरूपात राहत नाही, तिला हे लायसन्स सहसा लागू होत नाही.

आता तुमच्या पत्रातली मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती गोष्ट. विकलेली रायफल.

लायसन्स नसलेल्या माणसाला दिलेल्या बंदुकीसमोर त्याचं नाव, पत्ता, जन्मतारीख आणि ओळख कशावरून पटवली ते लिहावं लागतं, उदाहरणार्थ ड्रायव्हिंग लायसन्स. 'ओळखीचा आहे' ही ओळख इथे चालत नाही. त्याला आज फोन करा, भेटा, ओळखपत्र पाहा आणि नोंद करा. ओळखपत्र आज पाहिलं आहे, विक्रीच्या दिवशी नाही, हे शेऱ्यात लिहा. तो देत नसेल तर रकान्यात मागितलं पण मिळालं नाही असं लिहा. अंदाजाने जन्मतारीख भरू नका.

त्याआधी दोन प्रश्नांची उत्तरं स्वतःला द्या. हा माणूस ओहायोचाच रहिवासी आहे ना? दुसऱ्या राज्यातल्या, लायसन्स नसलेल्या माणसाला तुम्ही थेट विकू शकत नाही. आणि तो इथे कोणत्या कागदांवर राहतो? आपल्या मंडळींत याकडे कोणाचंच लक्ष नसतं. एच-१बी, एच-४, विद्यार्थी अशा तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या माणसाला केंद्रीय कायद्यात बंदूक बाळगायला सर्वसाधारणपणे बंदी आहे. शिकारीचं वैध लायसन्स असण्यासारखे मोजके अपवाद आहेत. ग्रीन कार्डधारकाला ही बंदी लागू नाही. गणपतीत भेटलेला, सात-आठ वर्षं इथे राहणारा, घर घेतलेला, मुलं शाळेत जाणारी असा माणूसही अजून एच-१बीवरच असू शकतो, आणि ग्रीन कार्डची रांग किती लांब आहे ते तुम्हाला मी सांगायला नको. या दोन्हींपैकी एकाही प्रश्नाचं उत्तर अडचणीचं निघालं, तर वहीत काही लिहिण्याआधी आणि त्या माणसाशी आणखी बोलण्याआधी बंदूक कायद्याचं काम करणाऱ्या ओहायोतल्या वकिलाला गाठा. खरं तर सव्वा वर्षाची थकबाकी आहे म्हणून एकदा वकिलाचा सल्ला घ्याच, उत्तरं सोपी निघाली तरी.

तपासणीला कोण येणार, असंही तुमच्या मित्राला वाटत असेल. एटीएफचा, म्हणजे बंदूक कायद्याची अंमलबजावणी करणाऱ्या इथल्या केंद्रीय खात्याचा, अधिकारी येऊ शकतो. संग्राहकाच्या वहीची आणि संग्रहाची तपासणी वॉरंटशिवाय बारा महिन्यांत एकदाच करता येते, आणि ती घरी न होता एटीएफच्या जवळच्या कार्यालयात व्हावी असं म्हणण्याचा हक्क तुम्हाला कायद्याने दिला आहे. गुन्ह्यातल्या बंदुकीचा माग काढताना विचारणा आली, तर २४ तासांत उत्तर द्यायचं असतं. संग्रहातली बंदूक चोरीला गेली किंवा सापडेनाशी झाली, तर कळल्यापासून ४८ तासांत एटीएफला आणि स्थानिक पोलिसांना कळवायचं. वही सव्वा वर्ष मागे असेल तर काय चोरीला गेलं हे तुम्ही ४८ तासांत कोणत्या तोंडाने सांगणार? एखाद्या रात्री घर फुटलं, तर रिसीव्हरचा नंबर वहीत नाही म्हणून ती रायफल पोलिसांच्या यादीतच चढणार नाही, आणि पुढे ती कोणाच्या हातात जाते याला काही मर्यादा नाही. अधिकाऱ्याच्या भीतीपेक्षा या कारणासाठी वही वेळेवर लिहा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

या वहीचा तुम्हालाही आधार आहे. हे लायसन्स धंद्यासाठी नाही. घेतलेल्या रायफली वर्षानुवर्षं तुमच्याकडेच आहेत, क्वचित एखादी गेली, हे चित्र वहीतून दिसतं आणि तुम्ही संग्राहक आहात, व्यापारी नाही, हे वेगळं सिद्ध करावं लागत नाही.

वही किती वर्षं ठेवायची? पूर्वी वीस वर्षांची मुदत होती. २४ ऑगस्ट २०२२ ला लागू झालेल्या नियमाने ती काढली आणि लायसन्सचं काम चालू असेपर्यंत नोंदी ठेवायच्या असं ठरवलं. दुकानदाराने धंदा बंद केला की त्याच्या वह्या सरकारजमा होतात. संग्राहकाला ती सक्ती नाही, कारण त्याचा धंदाच नसतो. लायसन्स संपल्यावरही वही घरातच राहू द्या.

यावरून वहिनींकडे येते. तुमचं लायसन्स त्यांच्या नावावर होणार नाही, ते तुमच्याबरोबर संपतं. बंदुका मात्र वारसाने मिळू शकतात, वारस दुसऱ्या राज्यात असला तरीही, फक्त त्याला स्वतःला बाळगायला बंदी नसावी. मुलगी आणि जावई इथे व्हिसावर असतील तर हा विचार मृत्युपत्र करतानाच करा. वहिनींना बंदुकांतलं काही कळण्याची गरज नाही. त्यांना चार गोष्टी माहीत असाव्यात. वही कुठे आहे, कपाटाची किल्ली कुठे आहे, तुमच्या भरवशाचा लायसन्सधारक दुकानदार कोण, आणि दुःखाच्या पहिल्या महिन्यात मदतीला म्हणून येऊन 'मी घेऊन जातो ही अडगळ' असं कोणी म्हणालं तर नाही म्हणायचं. प्रत्येक वस्तू घेतल्याची किंमत वहीत नको, पण वेगळ्या कागदावर, पेन्सिलीने नाही तर शाईने, लिहून ठेवलीत तर त्यांना कोणी फसवू शकणार नाही.

आजोबांची ठासणीची बंदूक तिथेच राहू द्या. ती शंभर वर्षांहून जुनी असेल तर १९७२ च्या भारतीय कायद्याखाली पुरावस्तू ठरू शकते, आणि पुरावस्तू देशाबाहेर पाठवण्याचा अधिकार केंद्र सरकारला किंवा त्याने नेमलेल्या संस्थेलाच आहे. सामानात घालून आणायचा विचारही नको. त्यापेक्षा पुढच्या फेरीत तिचं लायसन्स आज कोणाच्या नावावर आहे ते बघा. आजोबांच्या पश्चात ती कोणी पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानात जमा केली होती का, वारसाने अर्ज केला होता का, हे गावातल्या घरी बहुतेकदा कोणालाच सांगता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर भारतात एका माणसाला, वारसाने आलेल्या धरूनही, दोनच बंदुका ठेवता येतात. काकांच्या नावावर आधीच दोन असतील तर तिसरीचं काय, हा प्रश्न जिल्हाधिकारी कार्यालयात जाऊन विचारावा लागेल.

या शनिवारी वही, पावत्या आणि भिंग घेऊन बसा. ईशापूरच्या रायफलीचं साल किंवा अक्षर लागत नसेल तर दस्त्याच्या मुळाशी असलेल्या त्या पट्टीचा फोटो मला पाठवा, नंबर झाकून.